उजवीकडे वळू नका

जुन्या जकात कचेरीच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी लागायची आणि त्या खिडकीत एकतीस वर्षं एकच माणूस बसत आला होता. खिडकीवर ‘चौकशी’ असं लिहिलेलं, त्यामुळे माणसाचं नावही तेच पडलं. आधी नुसता चौकशी, मग केस पिकले तसे चौकशीकाका. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं, पण हजेरीपत्रक वाचायला कोण जातंय.

काम काय, तर आलेल्या माणसाला हवी ती खोली कुठे आहे ते सांगायचं. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण ज्याने ती इमारत बांधली त्याचा माणसांवर काहीतरी जुना राग असणार, असं काकांचं मत होतं. आधी मधला भाग बांधला, चाळीस वर्षांनी दोन्ही अंगाला दोन भाग जोडले, जोडताना मजल्यांच्या उंच्या काही जुळल्या नाहीत. म्हणून कुठे दोन पायऱ्या वर, कुठे तीन खाली. खोल्यांना नंबर दिले ते बांधल्या त्या क्रमाने. त्यामुळे नऊच्या शेजारी तेवीस, आणि चौदा नंबर तर कुणाच्याच शेजारी नाही. जिना चढायचा, लांबलचक गॅलरी संपवायची, डावीकडे वळून पुन्हा तीन पायऱ्या उतरायच्या, तेव्हा कुठे चौदा. अर्धं जग पालथं घातलेला एक जहाजाचा कप्तान एकदा काकांना न विचारता चौदा शोधायला गेला, तो दुपारी गच्चीवर सापडला.

पुढे कचेरी नव्या जागेत गेली. इमारत वारसा यादीत होती, पाडता येईना. मग एका कंपनीने ती घेतली आणि ज्यांना स्वतःचं ऑफिस नाही अशांना टेबलं आणि खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. एका टेबलावर नकाशे काढणारा, दुसऱ्यावर दिवसभर फोनवर माफी मागणारी मुलगी, असा सगळा मामला. जुन्या कपाटांबरोबर आणि घड्याळाबरोबर काकाही कंपनीकडे आले.

कंपनीचा मॅनेजर तरुण होता आणि वागायला सज्जन. त्याने पहिल्याच आठवड्यात काकांना समोर बसवून सरळ सांगितलं. इमारतभर पाट्या लागणार. नवा माणूस कुणालाही न विचारता खोलीपर्यंत पोहोचू लागला की खिडकीचं काम संपलं. खिडकीच्या जागी कॉफीचं मशीन येईल आणि काकांनी शहराबाहेरच्या गोदामात बसायचं, आलेल्या-गेलेल्या खुर्च्या लिहून घ्यायच्या. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, ती तिथे आरामात जातील. काकांनी मान हलवली. गोदामात कुणी काही विचारायला येणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पण देव पाठीशी होता म्हणायचं. पहिल्या पाट्या आल्या त्या कंपनीच्या मुख्य ऑफिसातून, इमारत न बघता बनवलेल्या. कंपनीचा रंग पिवळा, तोही डोळ्यांत भरणारा. खोल्यांचे नंबर पुसून त्यांना नावं दिलेली: झेप, भरारी, क्षितिज, उमेद. वारसा समितीने भिंतीत एकही खिळा ठोकायला परवानगी दिली नाही, म्हणून पाट्या चिकटपट्टीने लावल्या. जुन्या चुन्यावर चिकटपट्टी कसली टिकतेय? रोज सकाळी पाच-सहा पाट्या जमिनीवर. झाडणाऱ्या बाई त्या उचलायच्या आणि जिथे जागा दिसेल तिथे दाबून लावायच्या. ‘क्षितिज’ आठवडाभर संडासाच्या दारावर होतं. तिथे पोहोचलेल्या एका माणसाने आत जाऊन मीटिंग कधी सुरू होणार असंही विचारलं म्हणतात.

पूर्वी दिवसाला वीस माणसं खिडकीशी यायची, आता सत्तर यायला लागली. काकांना इतके बरे दिवस जकातीच्या काळातही आले नव्हते. घरी जाऊन ते दोन पोळ्या जास्त खायला लागले आणि कंपनीच्या मुख्य ऑफिसाबद्दल चांगलं बोलायला लागले.

मग पाटीवाल्या बाई आल्या. वय चाळिशीचं, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. मॅनेजरने त्यांना नव्याने सगळं करायला बोलावलं होतं. काकांना वाटलं होतं की बाई भिंती मोजत फिरतील. बाईंनी एक स्टूल मागितलं, ते काकांच्या खिडकीच्या आत ठेवलं आणि चार दिवस तिथे बसून राहिल्या. लोक विचारत, काका सांगत, आणि बाई वहीत लिहून घेत. काका जे बोलतील ते, जसंच्या तसं.

काकांना कळायचं ते पहिल्या दिवशीच कळलं. ही बाई आपलं काम वहीत उतरवून नेतेय, आणि ते पूर्ण उतरलं की आपण गोदामात. रात्री अंथरुणावर पडून त्यांनी ठरवलं, उद्यापासून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं, आणि जमलं तर चुकीचंच सांगायचं. सकाळी पहिला जो माणूस ‘भरारी’, म्हणजे जुना तेवीस नंबर, विचारत आला त्याला त्यांनी बिनदिक्कत उलट्या दिशेला पाठवलं. माणूस ‘थँक्यू काका’ म्हणून गेला. काकांनी दहा मिनिटं कशीबशी काढली. पाणी प्यायले, चष्मा पुसला, परत पाणी प्यायले. मग उठले, त्या माणसामागे पळाले, त्याला शोधून तेवीसच्या दारात नेऊन सोडलं आणि धापा टाकत येऊन खुर्चीत बसले. बाईंनी हे सगळं पाहिलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

त्यानंतर काकांनी नाद सोडला. नुसता सोडला नाही, तर उलट टोकाला गेले. बाईंनी विचारलं की गॅलरीच्या शेवटी सगळेच उजवीकडे का वळतात, तर काकांनी सांगितलं, उजेड तिकडून येतो म्हणून. त्या तीन पायऱ्यांतली पहिली बुटकी आहे, तिथे माणूस हमखास ठेचकाळतो. बायामाणसं गॅलरीच्या मध्यावर थबकतात, कारण तिथे कुणी दिसत नाही आणि आपण चुकलो असं वाटतं, तिथे धीर द्यावा लागतो. कुणी विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, हे त्यांना ठाऊक होतं. पण एकतीस वर्षांत या सगळ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं हो.

महिन्याभरात बावन्न पाट्या तयार झाल्या. एकही खिळा नाही. काही जुन्या दिव्यांच्या आकड्यांना टांगलेल्या, काही कठड्याला पकडीने आवळलेल्या, काही जमिनीवर स्वतःच्या पायावर उभ्या. कंपनीच्या पिवळ्याची फक्त कडेला बोटभर पट्टी. नंबर परत आले. आणि मजकूर सगळा काकांचा. ‘घाई करू नका, पुढे तीन पायऱ्या खाली आहेत, पहिली बुटकी आहे.’ ‘इथे सगळे उजवीकडे वळतात. तुम्ही वळू नका.’ मॅनेजरचं म्हणणं पडलं की कंपनीची भाषा सुटसुटीत असते, हे जरा घरगुती होतंय. बाई म्हणाल्या, एकदा माणूस चालवून बघू, मग बोलू. काकांनी दारातली पहिली पाटी वाचली आणि आपले कपडे भर रस्त्यात वाळत घातल्यासारखे ते ओशाळले. बाकीच्या पाट्या बघायला ते गेलेच नाहीत.

माणूस चालवून बघायचा म्हणजे असा हवा की जो या इमारतीत कधी आलेला नाही. तो मिळेना. जकात म्हटली की गावातलं कोण ना कोण कधीतरी येऊन गेलेलं. शेवटी बाईंनी काकांना विचारलं की तुमच्या घरचं कुणी इथे आलं होतं का. काका खोटं बोलू शकले असते, पण तोंडातून खरं निघून गेलं. बायको कधीच आली नव्हती. सरकारी काळात घरच्यांना आत सोडायचे नाहीत आणि नंतर ते राहूनच गेलं. बाई म्हणाल्या, मग त्यांनाच बोलवा.

घरी जाईपर्यंत काकांना यातली मेख लक्षात आली आणि त्यांचा चेहराच खुलला. चालणार कोण, तर आपलीच बायको. ती चुकली की पाट्या फसल्या, आणि पाट्या फसल्या की खिडकी वाचली. काकू शिवणयंत्रावर बसल्या होत्या. काकांनी खुर्ची ओढली आणि गोदामापासून कॉफीच्या मशीनपर्यंत सगळं सांगितलं. ते त्यांनी तोवर घरात बोलूनच दाखवलं नव्हतं. गॅलरीच्या टोकाला पाटी डावीकडे म्हणेल, तू उजवीकडे वळ, बस्स, एवढंच कर. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, “वळते की. त्यात काय एवढं.”

काका निर्धास्त झाले. तसं त्यांना निर्धास्त व्हायला कारणही होतं. लग्नापासून काकूंनी त्यांचं सांगणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. बाजाराचा जवळचा रस्ता सांगितला तर त्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने जात. पाट्यांवरचं सांगणं काकांचंच, म्हणजे त्या ते ऐकणार नाहीतच; चुकणं त्यांच्या अंगवळणी होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकू आल्या, चांगली साडी नेसून, पर्स घट्ट धरून. मॅनेजरने त्यांना सांगितलं की चौदा नंबरला जायचं आणि कुणालाही काही विचारायचं नाही. काकांना खिडकीत बसून गप्प राहायची सक्त ताकीद होती. काकूंनी त्यांच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि निघाल्या. बाई दहा पावलं मागे, त्यांच्यामागे मॅनेजर.

काकांना दिसत काही नव्हतं, पण वरची जमीन लाकडी होती आणि तिची प्रत्येक फळी त्यांना आवाजावरून पाठ होती. जिना संपला. गॅलरी सुरू झाली. मध्यावर पावलं थांबली, बराच वेळ थांबली, काकांना वाटलं आता परत फिरतेय. पण ती पुढे निघाली. टोकाला आली. पुन्हा थांबली. काकांनी खिडकीची कड धरून ठेवली. उजवीकडची फळी करकरते. ती एकदा करकरली. काकांनी श्वास सोडला. मग काही क्षण शांतता, आणि मग ती पावलं हळूच डावीकडे गेली. तीन पायऱ्या. पहिलीवर जपून.

वरून टाळ्यांचा आवाज आला. टाळ्या वाजवणारा मॅनेजर एकटाच होता.

सगळे खाली आले. सहा मिनिटं, एकही चूक नाही, मॅनेजर बाईंचा हात हातात घेऊन हलवत होता, भाषा घरगुती आहे पण चालेल म्हणत होता. मग तो टेप आणायला गेला, मशीन खिडकीत मावतंय का बघायला. बाई काकांच्या नजरेला नजर न देता वही पिशवीत भरत राहिल्या. काकू खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. लोक उभे राहतात तशा, बाहेरच्या बाजूला.

काकांना राग आला होता. जन्मात एकदा काहीतरी मागितलं होतं. ते म्हणाले, “तुला सांगितलं होतं ना.”

“वळले होते हो. पाऊलसुद्धा टाकलं होतं तिकडे.” काकूंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. “पण त्या आधीची पाटी वाचली होती. ‘कुणी दिसत नाही म्हणून घाबरू नका. तुम्ही बरोबर चालला आहात.’ तुम्हीच ते, मी आवाज ओळखला. चौतीस वर्षांत मला घरी असं एकदाही म्हणाला नाहीत तुम्ही.”

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“चुकले असते, तर पुढच्या पाटीवर तुम्ही काय म्हणताय ते कळलं नसतं मला,” काकू म्हणाल्या.

काकांचा राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. एकतीस वर्षं आपण या खिडकीतून गावभरच्या परक्या माणसांना धीर दिला आणि घरी हात हलवत गेलो, हे त्यांना त्या मिनिटाला लख्ख दिसलं आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

मॅनेजर टेप घेऊन आला आणि काका उठायची वाट बघत अदबीने उभा राहिला.

“किती आहेत अशा?” काकूंनी विचारलं.

“बावन्न.”

“मी नऊच वाचल्या.”

काका उठले. खिडकीच्या शेजारचं छोटं दार उघडून, कामाच्या वेळेत, बाहेर आले. मॅनेजरला म्हणाले, घ्या तुम्ही माप. मग काकूंकडे वळले आणि म्हणाले, “चल. मागच्या जिन्याने जाऊ. तिकडे अंधार आहे, माझा हात धर.”