भरल्या बोटीचा वेग

परतूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं माप चालू होतं, तेव्हा भाऊजींचा फोन आला. "नलू गेली. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली, आणि…" पुढचं त्यांना बोलवेना. पोती तशीच सोडून जालन्याची गाडी पकडली. वाटेत पुलाखाली पाणी दिसलं आणि तोवर थोपवून धरलेलं सगळं एकदम वर आलं. शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

नलूताई माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. जालन्याच्या एका तंत्रनिकेतनात तिनं पोरांना मेकॅनिकल शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाली. पण आमच्या गावाला ती वेगळ्याच कारणानं माहीत आहे. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, ऐन गोदाकाठचं. पलीकडं जायला कादरभाईंची वल्ह्याची नाव होती. एका वर्षी एका संस्थेनं गावाला मोटरबोट दिली, पुरात उपयोगी पडावी म्हणून. नदीवर चाचणी ठेवली. कादरभाई आणि संस्थेचा एक माणूस असे दोघं बसले आणि बोट पाण्यावरून अशी पळाली की काठावर टाळ्या थांबेनात. महालक्ष्म्यांसाठी माहेरी आलेली नलूताईही तिथं उभी होती. टाळ्या संपल्यावर ती म्हणाली, "आता दहा जण बसवा."

बसवले. मीही बसलो. बोटीचं नाक वर, बूड खाली, इंजिन नुसतं घोगरं कण्हतंय आणि काठ काही सरकेना. संस्थेचे गृहस्थ म्हणाले, इंजिन नवं आहे, हळूहळू मोकळं होईल. नलूताई त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. पुढच्या रविवारी मात्र इंजिनाचे फेरे मोजायचं एक छोटं यंत्र पिशवीत घालून बसनं परत आली. एकटे कादरभाई बसले की इंजिन मनसोक्त फिरायचं. दहा जण बसले की पूर्ण रेस देऊनही फेरे एकदम कमी व्हायचे. दुपारी कादरभाईंच्या ओट्यावर बसून तिनं लाकडात पिळायचा एक स्क्रू हातात घेतला. प्रोपेलरला कादरभाई पंखा म्हणायचे, मग तीही पंखाच म्हणू लागली.

"हे बघा, एका फेऱ्यात हा लाकडात जितका आत जातो, तितकी त्याची चाल. पंख्याचं तसंच. आपला पंधरा इंची हाय. पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात बोट पंधरा इंच पुढं गेली असती. पाणी निसटतं, म्हणून थोडी कमी जाते."

"मंग मोठी चाल चांगलीच की, ताई," कादरभाई म्हणाले.

"हलक्या बोटीला चांगली. पण भरलेली ट्रॉली तुम्ही टॉप गिअरवर चढाला लावताल का?"

"न्हाई. इंजिन बंद पडंल."

"तसंच हाय हे. इंजिनाला फेरेच घेता येईनात, तर ताकद कुठून येणार? कमी चालीचा पंखा लावला तर एका फेऱ्यात बोट कमी सरकंल, पण फेरे पुरे होतील. वजन त्यानंच ओढलं जाईल."

कादरभाईंनी स्क्रू हातात घेऊन उलटसुलट फिरवला. "म्हंजे जल्दी जायाचं आसंल तर छोटी चाल," ते म्हणाले. "भरलेली असंल तर," ताई म्हणाली.

अकरा इंच चालीचा पंखा मिळवायला तिला बराच काळ झगडावं लागलं. संस्था म्हणायची, चांगली पळणारी बोट हळू का करता? गावातली मंडळीही कुरकुरली. आणि ते खोटंही नव्हतं. नवा पंखा लागला तसा रिकाम्या बोटीचा पहिला दिमाख गेला, इंजिन मात्र किंचाळायला लागलं. नलूताईनं कादरभाईंना बजावलं, एकटे असताना पूर्ण रेस द्यायची नाही, इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरून खराब होईल. मग कितीतरी रविवार ती येत राहिली. कधी आठ माणसं, कधी बारा. कोणाला पुढं सरकवायचं, कोणाला मागं. आमच्या बायकाही हसत बसायच्या बोटीत. भाऊजी जालन्याहून चिडून फोन करायचे, "हिला सांगा, इथंही एक घर आहे."

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सुटलं. आमचा मळा नदी आणि ओढा यांच्या मधल्या उंचवट्यावर. सकाळी मी गावात दूध घालायला आलो आणि तेवढ्यात ओढा फुगून वाट बंद झाली. मळ्यावर माझी आई, बायको, तान्ही मुलगी आणि शेजारचं सहा माणसांचं कुटुंब. मी आणि कादरभाई मोटरबोट घेऊन निघालो. पोचलो तोवर पाणी गोठ्यात शिरलं होतं. आई बोटीत बसायला तयार होईना. "म्या म्हातारी, मला ऱ्हाऊ द्या. पयले ह्यांना न्या, मंग या." कादरभाई शांतपणे म्हणाले, "चाची, दुसऱ्या फेरीला ही जागा ऱ्हानार न्हाई. बसा." मी तिला उचलून बसवलं. सगळे मिळून अकरा जण.

मध्यावर धार लागली. बोट आडवी ओढली जाऊ लागली. खाली बाभळीची झाडं बुडालेली, तिकडं गेलो असतो तर संपलंच होतं. कादरभाईंनी नाक धारेकडं वळवून पूर्ण रेस दिली. इंजिन कण्हलं नाही. त्याचा आवाज चढत चढत एका सुरावर जाऊन टिकला आणि बोट हळू, पण बराबर पुढं सरकू लागली. बायकोनं मुलीला पदरात घट्ट धरलं होतं. काठावरचं देवळाचं शिखर मी नजरेत धरून बसलो होतो… ते मोठं मोठं होत गेलं. उतरल्यावर आई चिखलातच बसली आणि कादरभाईंच्या हाताला हात लावून कपाळाला लावला.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. हे सगळं मी नलूताईला एकदा नीट सांगायचं ठरवून जालन्याला गेलो होतो. तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "तू वजन म्हणून बसत होतास ना दर रविवारी? मंग झालं तर." आणि लगेच मुलीच्या गणिताची चौकशी.

तिला जाऊन महिना उलटला, तेव्हा कादरभाईंना घेऊन मी भाऊजींना भेटायला गेलो. दारात आल्यावर कादरभाई एकदम थबकले. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले मासे होते. जालन्याला यायचं म्हणजे ताईला मासे आणायचे, ही इतक्या वर्षांची सवय. हातानं आपोआप केलं होतं ते. भाऊजी माळकरी, घरात दुसरं कोणी खात नाही. कादरभाई पुटपुटले, "चुकलंच माझं. ध्यानातच न्हाई आलं." भाऊजींनी पुढं होऊन ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं. मागच्या गॅलरीत नलूताईची वेगळी शेगडी आणि काळी कढई होती, घासूनपुसून पालथी ठेवलेली. ती त्यांनी स्वतः सरळ केली.

कादरभाईंनी मासे केले. आम्ही दोघं तिथंच गॅलरीत जेवलो. मी उठून घराकडचं दार लोटायला गेलो, आत वास जाऊ नये म्हणून. भाऊजी आतल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"उघडंच असू दे," ते म्हणाले. "रविवारी घरात असाच वास असायचा."