शेवटचा कॉर्नर

माणसाने आयुष्यात एक जागा धरावी आणि मरेपर्यंत ती सोडू नये, असं मानणारी माणसं पुष्कळ असतील. पण ती जागा गोलच्या पुढ्यात, बरोबर मधोमध असते असं मानणारा आणि तसाच जगलेला माणूस मी एकच पाहिला. तो माझ्या ताईचा नवरा. भावोजी तरुणपणी मुंबईत एका कंपनीच्या संघातून पगारी फुटबॉल खेळले. स्टॉपर म्हणून. म्हणजे समोरून चेंडू येवो, माणूस येवो की संकट, ते गोलपर्यंत पोचू न देता आल्या वाटेने परत पाठवायचं, हे त्यांचं काम. पुढे खेळ सुटला, नोकरी संपली, मुंबईही सुटली आणि ते आशागडला आपल्या लहानशा चिकूच्या वाडीत राहायला आले. पण हे काम काही त्यांनी सोडलं नाही. मैदान गेलं म्हणून त्यांनी घराच्या दाराला गोल केलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

मी डहाणूच्या वाचनालयात उमेदीची वर्षं काढली. रविवारी ताईकडे जेवायला जायचो, तर दारात हे उभे. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात पसरलेले. "डावीकडून जाणार की उजवीकडून?" मी पुस्तकातला माणूस. विचारलं की खरं सांगायचो, आणि त्याच बाजूला अडकायचो. "मेव्हणे, तुम्ही पाय उचलायच्या आधी तुमचे डोळे बोलतात," असं म्हणून ते खो-खो हसत आणि मग आतून ताईचा आवाज येई, "अहो, भाकऱ्या निवताहेत, येऊ द्या त्याला!" दूधवाला, पोस्टमन, वर्गणीवाले, सगळे ह्या बचावातून गेलेले. घोलवडचा एक गुजराती व्यापारी चिकूचा सौदा करायला येई. शेठ मोठा गोड बोलणारा. पण भावोजी त्याला अंगावर घेत नसत. समोर राहून, एकदाही हात न लावता, नुसते एकेक पाऊल सरकत ते त्याला कुंपणाच्या कडेकडेने असे नेत, की भाव सांगता सांगता शेठ वाडीला वळसा घालून पुन्हा रस्त्यावर आलेला असे. "अरे कोचसाहेब, मी तर फक्त चहा प्यायला आलेलो ने!" तो बाहेरून ओरडे. भावोजी ताईला सांगत, "असा न्यायचा बाजूला. तंगडीत तंगडी घालायची नाही. फाउल होतो."

शिकवण्याचा तर त्यांना आजारच होता. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पानातला लाडू उचलून ते त्याला गोलकीपर करत, वाट्यांची फळी उभी करत आणि वरणाचा ओघळ कुठून आत शिरतो ते दाखवत. शेजारी बिचारा लाडू परत मिळण्याची वाट बघत बसे. कपाळाविषयी त्यांचा एक सिद्धांत होता. "कपाळ हाही एक पायच आहे, फक्त वर बसवलेला." त्या कपाळाचा त्यांना फार अभिमान होता. भुवईवर एक जुनी खोक होती, ती ते पाहुण्यांना बोट लावून बघायला सांगत.

२०१४ साली तलासरीकडच्या एका आश्रमशाळेने मुलींना फुटबॉल शिकवायला त्यांना बोलावलं, तेव्हा सगळ्यात जास्त सुटका दूधवाल्याची झाली. भावोजी एस.टी.ने जाऊ लागले. कधीमधी मीही सोबत जाई. हायवेला लागून विवळवेढे आलं, की महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसे. बसमधली माणसं हात जोडत. भावोजीही जोडत, पण नंतर मला कोपराने ढोसून म्हणत, "बघा कसा उभा आहे. कोणी आलं, कोणी गेलं, जागा सोडली का? ह्याला म्हणतात स्टॉपर."

शाळेचं मैदान एका अंगाला उतरतं होतं, आणि मुलींना फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण भावोजींकडे कवायतीचे धडे नव्हतेच. त्यांच्याकडे होत्या त्यांनी खेळलेल्या मॅचेस. ते एकेक जुनी मॅच काढत आणि मुलींकडून ती पहिल्यापासून खेळवून घेत. प्रत्येक मुलीला त्यांच्या जुन्या संघातला एकेक गडी वाटून दिलेला. एक मुलगी पान खाणारा लेफ्ट-हाफ, एक आईला घाबरणारा विंगर, एक उगाच रेफरीशी भांडणारा सेंटर-फॉरवर्ड. बारीक चणीच्या पण धीट अशा जयवंतीला त्यांनी स्वतःची जागा दिली होती. ती स्टॉपर, म्हणजे ती 'सर'. मुंबईत कधी न गेलेल्या ह्या पोरींना त्या माणसांचे स्वभाव आपल्या मामा-काकांपेक्षा जास्त माहीत झाले. "ए पानवाल्या, चावत काय बसलीस, मागं ये ना!" जयवंती ओरडायची आणि लेफ्ट-हाफ झालेली पोरगी नसलेलं पान थुंकून पळत सुटायची. भावोजींचं सारं खेळणं असं त्या उतरत्या मैदानावर पुन्हा सुरू झालं होतं. हरलेल्या मॅचेससुद्धा ते खेळवत, हरूनच संपवत. त्यात लपवाछपवी नव्हती.

अपवाद एकाच मॅचचा. ती फायनल होती. मुंबईत, भर पावसात, चिखलात. गोल कुणाचाच नाही, वेळ संपत आलेली, समोरच्या संघाला शेवटचा कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून थेट गोलसमोर मारायची किक. इथवर मॅच आली की भावोजी शिट्टी फुंकत. "झालं. चला, हातपाय धुवा."

"सर, मंग काय झालं?" मुली विचारत.

"मग पाऊस आला."

"पाऊस तं पहिल्यापासूनच होता ना सर! तुम्हीच सांगितलं."

"मग आणखी आला," असं म्हणून ते पाठ फिरवत. पोरी हसत सुटत. सर त्या कॉर्नरला का अडतात, हे त्यांच्यासाठी एक कोडंच होतं.

मला ते माहीत होतं, कारण ताईने सांगितलं होतं. ती तेव्हा नवी नवरी होती आणि हौसेने मॅच बघायला जाऊन बसली होती. कॉर्नर आला, भावोजी सगळ्यांच्या वर उडाले, चेंडू बरोबर कपाळावर घेतला आणि तो त्या लाडक्या कपाळावरून निसटून त्यांच्याच गोलमध्ये गेला. संघ हरला. पुढच्या वर्षी कंपनीने संघच मोडला. त्याला कंपनीची आपली कारणं असतील, पण भावोजींना ते कोण पटवणार? घरी त्यांनी ह्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ताई मला म्हणाली होती, "तू हसतोस त्यांच्या दारात उभं राहण्याला. त्या दिवसापासून हा माणूस दार अडवून उभा आहे रे." त्यानंतर मला रविवारी दारात पूर्वीसारखं हसता येईना.

मग ते विसरू लागले. सुरुवातीला आम्हाला ती त्यांची नेहमीची मस्करी वाटली. त्यांनी मला दारात अडवून "पान थुंकून ये आधी" असं दरडावलं, तेव्हा मी हसून ओठ पुसले. पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. एक दिवस ते तलासरीच्या बसमधून मध्येच उतरले आणि महालक्ष्मीच्या डोंगराकडे बघत रस्त्याच्या कडेला बसून राहिले. शाळेतल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, की आता सरांना एकटं पाठवू नका. डॉक्टर म्हणाले, वय झालं. त्यांच्याकडे शिकणारा एक तरुण डॉक्टर हळूच म्हणाला, की वर्षानुवर्षं डोक्याने चेंडू मारले असतील तर तेही कारण असू शकतं. ताईने ऐकून घेतलं आणि भावोजींच्या भुवईवरची खोक पदराने पुसली, जणू तिथे काही लागलं होतं.

एकेक करून मॅचेस गेल्या. राहिली ती फायनल, आणि तीही कॉर्नरपर्यंतच. पुढचं, जे ते इतकी वर्षं दाबून बसले होते, तेच नेमकं पुसलं गेलं. कुणाला वाटेल, बरंच झालं. पण तसं झालं नाही. दुपार झाली की ते अस्वस्थ होत. ओट्यावर कच्च्या चिकूंचे गडी मांडत, एक चिकू कोपऱ्यात ठेवत आणि ताईला हाक मारत, "अगं, त्या कॉर्नरचं पुढे काय झालं?" काहीतरी वाईट झालंय, एवढं त्यांना जाणवत असावं, काय, ते आठवत नव्हतं. आवाजात भीती असे. रोज दुपारी तीच भीती, नव्याने.

मी ताईला म्हटलं, "सांगून टाक ना खरं. न कळण्यापेक्षा कळलेलं बरं."

"सांगितलं एकदा," ती म्हणाली. "आत्ताच झाल्यासारखे रडले. चिखल लागलाय म्हणून हात धुवायला पाणी मागितलं. मी दिलं पाणी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा विचारलं, त्या कॉर्नरचं काय झालं? आता रोज हरवू का त्यांना?"

दुसरं काहीतरी बनवून सांगावं, तर ताईला ते जमेना. "मी तिथं होते रे," ती म्हणे. "माझं तोंड बघून ओळखतील."

त्या थंडीत आमच्या पट्ट्यात जमीन हादरू लागली. तलासरीकडे तर भांडी रोज वाजत, आणि शाळांचे वर्ग बाहेर तंबूत भरत. अशात भावोजींनी एका सकाळी प्रॅक्टिसला जायचा हट्ट धरला. शेवटी ताई आणि मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. अर्ध्या मैदानावर तंबू होते. मुली धावत आल्या, पाया पडल्या. भावोजींनी एकीचंही नाव घेतलं नाही, पण बोट दाखवत म्हणाले, "तू विंगर. आईला सांगून आलास का? तू लेफ्ट-हाफ, पान थुंक." प्रत्येकीची जागा बरोबर. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मुकाट्याने उभ्या राहिल्या. उरलेल्या अर्ध्या मैदानावर फायनल सुरू झाली.

खेळता खेळता कॉर्नर आला. कोपऱ्यातल्या मुलीने चेंडू ठेवला आणि सवयीने सरांकडे पाहत थांबली. सगळ्याच थांबल्या. आता शिट्टी होणार. शिट्टी भावोजींच्या तोंडात होती, पण ती फुंकायची असते हेच ते विसरले होते. ताईने माझा दंड घट्ट धरला. मुलीने क्षणभर वाट पाहिली आणि चेंडू मारला.

जयवंती उडाली. पुढे खरं काय झालं होतं हे तिला माहीत नव्हतं. ते तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिला शिकवलं होतं तेवढंच तिने केलं. कपाळ लावलं, वर आणि बाहेर. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून, तंबूंवरून पलीकडे शेताच्या बांधावर जाऊन पडला.

भावोजींच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. ते तिच्याजवळ गेले. "काय झालं?"

"काय होणार? काढला ना सर बाहेर," ती धापा टाकत म्हणाली.

"कोणी?"

"तुम्हीच! मी म्हंजे तुम्हीच ना!"

त्यांनी हात वर नेऊन आपलं कपाळ चाचपलं. बराच वेळ चाचपत राहिले. परतताना रिक्षात ते झोपले. त्यानंतर दुपारी ओट्यावर चिकू मांडले नाहीत, आणि कॉर्नरबद्दल पुन्हा विचारलं नाही.

चैत्रात, विवळवेढ्याची यात्रा चालू असताना, ते गेले. तेरावा झाल्यावर एका दुपारी शाळेच्या बाई मुलींना घेऊन भेटायला आल्या. घोलवडचे शेठही आले होते. दारात अडवणारं कुणी नव्हतं, तरी ते उगाच कुंपणाच्या कडेकडेने वळसा घेऊन आले आणि चहाचा कप हातात धरून बसून राहिले. मुली ओट्यावर बसून सरांच्या मॅचेस सांगत होत्या. फायनल आली. पाऊस, चिखल, कॉर्नर. "आणि सर असे उडाले," जयवंती उभी राहून म्हणाली, "आणि काढला भायेर!"

"पछी... मग जीतेला ने?" शेठनी विचारलं.

"हरलं तं नाय ना!" मुली एकदम म्हणाल्या.

चूक दिसली की ती दुरुस्त करायची, ही माझी जन्माची सवय. मी ताईकडे पाहिलं. ती दारात, भावोजींच्या जागेवर उभी होती.

"मी होते ना तिथं," ती शेठना म्हणाली. "ह्या डोळ्यांनी बघितलंय." आणि चेंडू किती लांब गेला, ते तिने कुंपणाकडे, कुंपणाच्याही पलीकडे हात लांब करून दाखवलं.