अर्धा राहिलेला गोंधळ

भाच्याच्या लग्नाचा गोंधळ आहे. वालचंदनगरच्या क्वार्टरपुढच्या एवढ्याशा अंगणात पाच ऊस उभे करून शेंडे बांधले, पाटावर चौक भरला आणि गोंधळ्याने दिवटी पेटवली. तेलात भिजलेली चिंधी जळण्याचा तो उग्र, जरासा गोडसर वास नाकात शिरला, आणि मी मांडवातून थेट उजनीच्या पाण्यावर जाऊन पोचलो. आत्याच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, अंगात नारिंगी जॅकेट घालून.

इंदापूरच्या अंगाला भीमेचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं आहे. त्यावर हल्ली संध्याकाळी एक बोट निघते: सूर्यास्त, लोककला आणि चिलापी माशाच्या फ्रायसकट जेवण. मला असल्या हौसेचा मनापासून तिटकारा. पण निरवांगीला राहणाऱ्या, साठी उलटलेल्या माझ्या आत्याने जाहिरातीत ‘गोंधळ’ हा शब्द वाचला आणि ती हटूनच बसली. “मला तितं न्ये. माझा गोंधळ अर्धा ऱ्हायलाय,” म्हणाली.

गोंधळात आधी गावोगावच्या देव्यांना नाव घेऊन बोलावतात आणि शेवटी आरती करून त्यांना निरोप देतात. मधेच उठणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून यजमानाने घर सोडण्यासारखं. आत्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. तिच्या लग्नाचा गोंधळ हा तिच्या सासरच्या गावातला शेवटचा. देव्यांना बोलावून झालं आणि धरणाचं पाणी ओढ्यातून वर चढल्याची ओरड झाली. भांडीकुंडी, गुरं, म्हातारी माणसं घेऊन सगळे निघाले. आरती राहिली ती राहिलीच. नव्या गावठाणात देवीची नवी मूर्ती बसली, वेशीतला जुना तांदळा, देवीचा शेंदूर फासलेला दगड, मात्र पाण्याखाली गेला. पुढे आत्याची कूस उजवली नाही, नवराही लवकर गेला. गावची आई अजून पाण्याखालच्या आपल्या घरात चौकापुढे बसून निरोपाची वाट बघतेय, असं ती भाजी निवडता निवडता शांतपणे सांगायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

त्या संध्याकाळी पाणी तव्यासारखं काळं पडत चाललं होतं. गाणं ऐकू यावं म्हणून नावाड्याने इंजिन बंद केलं. बोटीच्या मालकाने एकच दिवटी पेटवू दिली, तीही शेजारी पाण्याची बादली ठेवून; चहूकडे एवढं पाणी असताना! मला हसू आलं. मग संबळ कडाडला. गोंधळी तरुण होता, गळ्यात कवड्यांची माळ. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची अशी ठरलेली नावं त्याने घेतली, आणि मग जराही न अडखळता आत्याच्या बुडालेल्या गावच्या आईला हाक मारली. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. वारा नव्हता, तरी बोट हळूहळू वळली आणि एका बाजूला तोंड करून थांबली.

नावाडी माझ्याकडे न बघताच म्हणाला, “खाली गाव हाय. हितं बोट अशीच फिरती. आमी काय बोलत न्हाय.”

तेवढ्यात मालकाने माइक ओढून घेतला. “जेवण गार होतंय मंडळी, चला!” संबळ थांबला, ताटांची खणखण सुरू झाली. आरती पुन्हा राहिली. मी घाबरलो, उगाच कशाला लपवू? तोंडाजवळ नेलेला घास तसाच खाली ठेवला.

आत्या मात्र उठून गोंधळ्यापाशी गेली. “बाबा, आमच्या आईचं नाव तुला कुणी सांगितलं?”

“आजी, खरं सांगू? मला ठावंच न्हवतं. तोंडात आलं.”

“मग आरती कर. तिला वाटंला लाव.”

त्याने विझत आलेल्या दिवटीवर तेल घातलं, ती आत्याच्या हातात दिली आणि हलक्या आवाजात आरती धरली. बोटीच्या कडेला आम्ही तिघंच. आत्या वाकून पाण्यात बघत होती. खाली दिवटीचं प्रतिबिंब पडलं होतं. आत्याचा हात थरथरत होता, पण पाण्यातली ज्योत जागची हलत नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणी खोटं म्हणालं तरी चालेल.

आरती निम्म्यावर आली आणि आत्याने त्याला हाताने थांबवलं. “ऱ्हाऊ दे बाबा. आमी समदी निघून आलो. आता हीबी गेली तर घरात दिवा कोण लावंल?” आणि आयुष्यभर ज्या निरोपासाठी ती झुरली, तो न देताच तिने दिवटी पाण्यात टेकवली. चर्र झालं. वरची ज्योत विझली. खालची, जराशा उशिराने.

परतताना आत्या पोटभर जेवली.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या सांगण्याप्रमाणे मी तिची रक्षा त्याच पाण्यात सोडली, बोट जिथे वळते तिथे.

इथे मांडवात आता आरती सुरू झाली आहे. मघाशी नावं घेताना आत्याच्या गावच्या आईलाही बोलवा, असं मीच सांगितलं होतं. सगळे हात जोडून उभे आहेत, मीही उभा आहे. आलेल्या साऱ्या देव्यांना मनोमन निरोप देतो आहे, एकीला सोडून. ती निघून गेली, तर तिथं आत्या एकटी पडेल.