आत्या थापायच्या, मी भाजायची

लग्न होऊन घोड नदीकाठच्या गावात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली मी. माहेरी रोज चपाती. भाकरी शिकवली ती आत्यांनी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सून सासूला आत्याच म्हणते. घर धनगराचं. आजेसासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं होती, पुढं ऊस आला आणि घरात घोंगड्या तेवढ्या राहिल्या. आत्यांची भाकरी गावात नावाजलेली. जत्रेच्या जेवणाला देवळामागं चुली मांडल्या जायच्या आणि पहिल्या चुलीवर आत्या बसायच्या. तो त्यांचा मान होता.

खाज सुटली ती आधी आत्यांच्या तळहातांना. "पैसा येणार बघा आत्या," मी हसून म्हणाले होते. मग तळपाय, मग पाठ, मग सगळं अंग. पुरळ नाही, फोड नाही, पण दिवस कलला की सुरू व्हायचं. बांगडीची कड, फणी, दाणे काढलेलं मक्याचं कणीस, हाताला येईल त्यानं त्या खाजवायच्या. सकाळी लुगड्यावर रक्ताचे ठिपके असायचे. त्या गुपचूप धुऊन टाकायच्या.

शिरूरला दाखवलं, तर खरूज म्हणून औषध मिळालं. घरातल्या सगळ्यांनी अंगाला लावलं. अंथरुणं उकळली. करंजाचं तेल झालं, कडुलिंबाचा पाला झाला, घोंगड्या माळ्यावर गेल्या. खाज तिथंच.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या चुलतसासूबाई दारात आल्या. आत न येता म्हणाल्या, "औंदा तू आराम कर. आम्ही बगतो भाकरीचं."

आत्या "बरं" म्हणाल्या. त्या गेल्यावर आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. "खरजेचं मेंढरू कळपातनं काढून येगळं बांधत्यात," त्या म्हणाल्या. "तसं बांधलं बघ मला."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं नीट बघायला लागले. त्या लवकर थकायच्या. अंगणात उन्हाला बसल्या की डोळ्यांत पिवळसर झाक दिसायची. नवऱ्याला म्हटलं, मी आत्यांना माहेरी घेऊन जाते. दौंडला आमच्या कॉलनीजवळ एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी कातडीकडं ओझरतंच बघितलं. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, उजव्या बरगडीखाली दाबलं, लघवीचा रंग विचारला. रक्त तपासलं आणि म्हणाले, "दुखणं आतलं आहे. पुण्याला न्या."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात बऱ्याच तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. यकृतातल्या, आत्यांच्या भाषेत काळजातल्या, बारीक नळ्या हळूहळू खराब होत होत्या. पित्त पुढं सरकत नव्हतं, रक्तात राहत होतं, म्हणून खाज. आजार जन्मभराचा, गोळ्यांनी त्याला सावकाश करता येईल, आणि खाजेसाठी पाण्यात कालवून प्यायची एक पुडी.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी कातड्याला काय न्हाई?"

"नाही."

"दुसऱ्याला लागत न्हाई?"

"अजिबात नाही."

आत्यांनी डोळे मिटले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं?"

घरी आल्यावर आम्ही दोघींनी त्या खाजेचा संसारच मांडला म्हणा. पुडी वाळूसारखी करकरायची. "नदी पितीया मी," म्हणत आत्या तोंड वाकडं करून प्यायच्या. पुडी आणि बाकीच्या गोळ्या यांच्यात अंतर ठेवायचं, ते मी सांभाळायचे. कढत पाण्याच्या अंघोळीशिवाय त्यांचा दिवस उजाडायचा नाही. ती त्यांनी सोडली. कोमट पाणी घ्यायचं, अंग टिपायचं, ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. नखं मी कापायचे. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं तेवढं नेसायच्या. संध्याकाळी माठातल्या पाण्यात फडकं पिळून तळपायांवर ठेवायचं. खाजवायचं नाही, तळव्यानं दाबून धरायचं. हे सगळ्यात अवघड होतं. कधी कधी त्या दात आवळून बसायच्या आणि मी त्यांचा हात धरून ठेवायचे. खाज पूर्ण गेली नाही. पण लुगड्यावरचे ठिपके थांबले, झोप येऊ लागली, आणि आत्या पुन्हा गल्लीतल्या बायांशी मोठ्यानं बोलू लागल्या.

पुढच्या जत्रेला कुणी बोलवायला आलंच नाही. आत्यांनी सकाळीच परात काखेत घेतली. "चल," म्हणाल्या.

देवळामागं बायका थबकल्या. आत्या सरळ पहिल्या चुलीपाशी गेल्या आणि दोन्ही हात पुढं करून दाखवले. "बकऱ्याचं काळीज बघितलंय न्हवं सगळ्यांनी? तिथं बिघाड हाय माझा. कातडं चांगलं हाय. पुण्याच्या डाक्टरीणबाईनं सांगितलंय, कुणाला लागत न्हाई. कुणाला भ्या वाटत आसंल तिनं दुसऱ्या चुलीवरची खावी."

चुलीच्या धगीनं खाज उसळते हे मला माहीत होतं. म्हणून मी आत्यांना जरा लांब, सावलीला बसवलं. त्या थापायच्या, मी भाजायची. दुसऱ्याच्या हातची कच्ची भाकरी न मोडता तव्यावर टाकणं सोपं नसतं. पहिली टम्म फुगली तेव्हा आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की धुरानं भरलेले डोळे पुसायचंही मी विसरले. आणि ती भाकरी उचलली चुलतसासूबाईंनी. आमटीत न कुस्करता, उभ्या उभ्याच खाल्ली. मग पदर खोचून आमच्या शेजारी पीठ मळायला बसल्या.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दर थोड्या महिन्यांनी दौंडहून शटलनं पुण्याला तपासायला जात राहिलो. एकदा दवाखान्याच्या बाकावर एक अनोळखी बाई बसलेली होती, पिशवीत आमच्यासारख्याच पुड्या. पदर मनगटापर्यंत ओढलेला, आणि त्याच्या आत बोटं सारखी चाललेली. तिचा नवरा पार लांब खिडकीशी उभा होता. आत्या उठल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसल्या. पुण्यात कुणा परक्याशी कधी न बोललेली माझी सासू तिला म्हणाली, "नखं काप आदी, बाई. आन् कढत पाणी सोड." मग किती तरी वेळ बोलत राहिल्या. मध्येच खिडकीशी उभ्या तिच्या नवऱ्यालाही हाक मारून जवळ बसवलं.

आमची शटल चुकली. पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर बसलो. ओलं फडकं तळपायांवर दाबत आत्यांनी विचारलं, "मी बोलले ते बराबर बोलले न्हवं?"

"सगळं बरोबर," मी म्हणाले. "एकच राहिलं. पुडी आन् गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, ते."

"ते सांगितलं की," आत्या म्हणाल्या. "तू पाणी आणाया गेलतीस तवा."