दोन ओ राहिल्या होत्या

सातपाटीहून पालघरची एसटी सुटली, तेव्हा आय रस्त्यावर उभी राहून हाका मारत होती. "दीपे, वेळंवं जेवत जा गो!" मी खिडकीतून म्हटलं, "ओ." "पोचलीस का फोन कर!" पुन्हा "ओ." वळणानंतर तिचा आवाज ऐकू येईना, तरी मी एकदा ओ दिलीच. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

आमच्याकडे हाक रिकामी जाऊ देत नाहीत. बोट बंदराला लागताना किनाऱ्यावरून नावाने हाक जाते, आणि बोटीवरून ओ येईपर्यंत हाक मारणारीचा जीव टांगलेला असतो. आय म्हणायची, "आधी ओ द्यावी, मंग काय भांडायचं ते भांडावं."

ती एसटी सुटली त्याला दोन वर्षं झाली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायला लागले आणि सालवडला एका खोलीत राहू लागले. सातपाटीला आमचं दार दिवसा कधी लोटलं नाही. इथे आत आले की आधी कडी लावायचे. तुम्हीही गाव सोडलं असेल, तर तुमच्या हातालाही ही सवय लागली असेल.

कंत्राटाचे दोन महिने उरले, तेव्हा साहेबांनी सांगितलं, नेटवर्किंगचं सर्टिफिकेट मिळव, तुला कायम करू. कंपनी परीक्षेला एकदाच बसवणार होती. नापास झाले असते, तर पुन्हा सातपाटीची एसटी.

परीक्षा घरूनच, ऑनलाइन. कुठल्यातरी दूरच्या शहरातला परीक्षक कॅमेऱ्यातून बघत बसणार. खोलीत दुसरं माणूस नको, टेबलावर कागदाचा कपटा नको, तोंडातून शब्द नको. ते नियम मी इतक्यांदा वाचले की अभ्यासाआधी तेच पाठ झाले. सरावात कधी पास व्हायचे, कधी थोडक्यात नापास. भिंती रिकाम्या हव्यात म्हणून देवाचा फोटो उतरवून शेजारच्या भाभीकडे दिला आणि तिला परीक्षेचं सांगितलं. "चिंता मत करो, कोई दरवाज़ा नहीं खटखटाएगा," ती म्हणाली. आयला मात्र फोनवर एवढंच सांगितलं होतं, "उद्या अकराला परीक्षा हाय."

लॅपटॉप फिरवून चारही कोपरे दाखवले, मनगटं दाखवली, केस मागे सारून कान दाखवले. परीक्षा सुरू झाली. निम्मे प्रश्न झाले असतील, इतक्यात दाराबाहेरून आवाज आला.

"दीपे! हायस का गो घरान?"

"ओ!" माझ्या तोंडून निघूनही गेलं.

पडद्यावर चौकट उघडली. बोलू नका, पुन्हा आवाज आला तर परीक्षा रद्द. आय पुन्हा हाक मारणार हे मला ठाऊक होतं. ओ दिली होती आणि दार उघडलं नव्हतं.

"दीपे?" मी दात आवळले. तिसरी हाक बारीक आली, घाबरलेली. वळणापलीकडे ओ देणारी मी, चार पावलांवरच्या आयला ओ देत नव्हते. समोरचा प्रश्न तीनदा वाचला, कळला नाही. बाहेर भाभीची कुजबुज झाली आणि मग काहीच ऐकू येईना. आय गेली? की तिला चक्कर आली? डोळे पडद्यावरून हलवायचीही सोय नव्हती.

शेवटचं बटण दाबलं. पास. थोडक्यात, पण पास.

कडी काढली. आय पायरीवर बसली होती. मांडीवर टोपली, तोंडावर पदर दाबलेला. बंदरावर जिचा आवाज चार बोटींपलीकडे जातो, ती तासभर गप्प बसली होती.

"परीक्षा शालंन असते ना गो?" ती म्हणाली. "म्हटलं, येशील तवा गरम जेवशील. तं दाराला कुलूप नाय. पहिलीला ओ आली, मंग येक नाय. काळीज हाललं माजं."

"अम्मा तो दरवाज़ा तोड़ने वाली थीं!" भाभी हसली.

"पास झालीस?"

"झाले."

"मंग दोन ओ राहिल्यात तुज्या." आणि समोरच उभ्या असलेल्या मला तिने बंदरावरच्या आवाजात हाक मारली, "दीपे!" मी ओ दिली. पुन्हा मारली. पुन्हा दिली. ओळीतल्या खोल्यांची दारं उघडली, लोक बघायला लागले.

त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं की मी म्हणायचे, राहते सालवडला, घर सातपाटीला. आता तसं सांगताना अडखळते. संध्याकाळी आत आल्यावर चहा उकळेपर्यंत दार उघडंच ठेवते. कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवी.