पोखर्णीला दिलेला शब्द

व्यंकटी मूळचा बोरीचा. पूर्णेत हमालीला आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता केस पिकले. ओझं मानेवर घ्यायचं नाही, पाठीच्या वरच्या भागावर घ्यायचं, आणि गुडघे वाकवून उठायचं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला आधी शिकवी. पोतं एकट्यानं पाठीवर घेता येत नाही. दोघांनी पोत्याच्या टोकांचे दोन कान धरून द्यावं लागतं. व्यंकटी आणि मुकादम परमेश्वर ही टोळीतली पोतं देणारी जुनी जोडी.

सुट्टीला व्यंकटी आबासाहेबांकडे जाई. आबासाहेब रेल्वेतले निवृत्त फिटर, लाल झेंड्याचे. त्यांनी एकदा इटलीतल्या एका कारकुनाची गोष्ट सांगितली. पाचशे वर्षांपूर्वीची. राज्य पालटलं, कारकुनाची नोकरी गेली, कोठडीत हात मागं बांधून त्याला दोरीनं वर ओढलं आणि झटक्यात खाली सोडलं.

"खांदे गेले असतील," व्यंकटी म्हणाला.

"गेले असतील. सुटल्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. राजानं गादी कशी राखावी, शब्द कवा मोडावा, सगळं उघडं. लोक अजून शिव्या देतात त्याला."

"देतीलच की. चोराला कुलूप उघडायला शिकवलं म्हनल्यावर!"

आबासाहेब हसले. "चारशे वर्षांनी त्याच मुलखात आपल्या विचाराचा एक माणूस जेलात पडला. अंगानं पार मोडलेला. तो म्हनला, राजाला हे कशाला शिकवायचं? त्याला घरातूनच येतंय. ज्याला येत न्हाई त्याच्यासाठी लिव्हलंय हे. म्हंजे रयतेसाठी. आन् आताचा राजा म्हंजे एक माणूस न्हाई, एका विचारानं बांधलेली माणसं. त्याला अर्धं अंग जनावराचं लागतंय, अर्धं माणसाचं. जोर बी पाहिजे, लोकांचं मन बी पाहिजे."

"पोखर्णीच्या नरसिंहावानी."

"तसंच समज."

दिवाळीनंतर हरिओमशेठच्या गोदामात थप्पी कोसळली. खताची पोती छताला भिडेपर्यंत रचायला लावली होती, आडवी-उभी नीट सांधायला वेळ दिला नव्हता. टोळीतला पप्पू खाली सापडून मेला. त्याची बायको सुलाबाई त्याच गोदामात झाडायला होती. पोती काढता काढता आधी पाय दिसले. ते तिनंच ओळखले.

टोळीनं काम थांबवलं. मागणी एकच, माणसानं हात वर केला तर पोहोचेल तेवढीच थप्पी. शेठनं ना दमदाटी केली ना पोलीस आणले. तो एकटा आला, पोत्यावर बसला, डोळे पुसले.

"चला पोखर्णीला. नरसिंहापुढं शब्द देतो. तुमी बी द्या."

"कागदावर द्या," व्यंकटी म्हणाला.

"घ्या! झाला कम्युनिस्ट," परमेश्वर म्हणाला. "देवाहून कागुद मोठा व्हय रे?"

सगळे हसले.

शेठच्याच टेम्पोतून सगळे गेले. बायांना कुणी बोलावलं नाही. तुळशीचं पान हातात घेऊन शेठ म्हणाला, थप्पी उंच लावणार नाही. टोळी म्हणाली, या गोदामातलं काम आम्ही बंद पाडणार नाही. व्यंकटीनंही पान उचललं. त्याला तो कारकून आठवला होता, तरी उचललं.

संक्रांतीच्या सुमारास शेठनं गोदाम पुतण्याच्या नावावर केलं. पुतण्या आला तो वर बघतच. "एवढी जागा रिकामी का? छताला लावा."

"शेठनं शब्द दिलाय," परमेश्वर म्हणाला.

"काकांनी दिलाय. मी आलतो का पोखर्णीला?"

टोळीचा शब्द मात्र गोदामाला बांधलेला होता, मालक कुणी का असेना. परमेश्वरनं चढायची फळी थप्पीला टेकवली.

"मोडू शपथ," व्यंकटी म्हणाला.

"लेकराबाळावर येतंय ते. तुला मोडायची तर मोड."

व्यंकटी भिंतीला बसला. कुणी त्याच्याजवळ आलं नाही, तंबाखूही मागितली नाही. जोडी मोडली, म्हणून परमेश्वर स्वतः पोती वाहू लागला. थप्पी चढत गेली. व्यंकटीला खालच्या थरातली दोन पोती सरळ एकावर एक आलेली दिसत होती. सांधा नव्हता.

मग सुलाबाईनं झाडू टाकला आणि ती फळीवर जाऊन बसली. परमेश्वर पोतं घेऊन तिच्यासमोर आला.

"उतर गं माय. आमची शपथ हाय."

"तुमची हाय. मला कोन नेलतं पोखर्णीला?"

तिच्या खालच्या बाजूला तिच्याबरोबर झाडणारी कमलबाई येऊन बसली. परमेश्वरला वर जाता येईना. पोतं उतरवून घ्यायला कुणी पुढं होईना, कारण ते म्हणजे काम थांबवणं. त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. व्यंकटी उठला आणि एक कान धरला. दुसऱ्या कानाला माणूस हवा होता. सगळे जमिनीकडं बघत राहिले. परमेश्वरचा एक गुडघा टेकला, तेव्हा कुठं रामप्रसाद नावाचा हमाल पुढं आला. पोतं खाली आलं. त्या दिवशी मग कुणी दुसरं उचललं नाही.

सकाळी गोदामावर कळमनुरीकडची टोळी आलेली होती. जुन्या टोळीला आणि बायांना फाटकातूनच परत पाठवलं. परमेश्वर बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. जाताना म्हणाला, "देवानं दावलं. तुमी शपथ मोडायला लावली."

आता तो बाजारात कांद्याची पोती उतरवतो. पोतं द्यायला जोडी मिळेल तसं काम.

एका संध्याकाळी तो गोदामामागं गेला. नव्या टोळीनं तीन विटांवर भात ठेवला होता.

"मालक चांगला हाय," त्यांचा मुकादम म्हणाला. "थप्पी लय उंच जाऊ देनार न्हाई म्हनला. देवापुढं बोलू म्हनला."

"कोन म्हनला? काका का पुतण्या?"

"काका. का हो?"

व्यंकटी खाली बसला आणि पप्पूच्या पायांपासून सांगायला लागला. दोघं ऐकत होते. बाकीचे भाताकडं बघत होते.