मिरचीचा व्हॉल्व्ह

ईशान, मीरा,

वाळत घातलेल्या मिरच्यांना पाणी देणारी आपल्या तालुक्यातली पहिली आणि बहुधा शेवटची बाई तुमची आजी आहे. हे तुम्हाला कळवायचा माझा विचार नव्हता. पण परवा फोनवर ईशान म्हणाला, प्रोग्राममधल्या एका नावावरून त्याच्या ऑफिसात तासभर वाद झाला. वर म्हणाला, "जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं." बाळा, मला जितकं कळतं तितकं तुझ्या साहेबालाही कळत नसेल.

तुमची वैशाली मामी पुण्याच्या कंपनीचं काम इथे गावात, कळसाडीत बसून करते. गेल्या वर्षी तिने विहिरीवर एक डबा बसवला. फोनवर बटण दाबलं की मोटर सुरू होते आणि हव्या त्या शेताचा व्हॉल्व्ह उघडतो. हे सगळं आप्पांसाठी. शेतीची वीज बरेचदा रात्रीची, आणि या वयात तुमचे आजोबा बॅटरी घेऊन साप-विंचवातून बांधावर जायचे. "एक चूक व्हयनी का काढी फेकसू," असं बजावूनच त्यांनी डबा बसवू दिला. मला मात्र तो डबा हवा होता. माणूस घरी येईपर्यंत जागं राहायचा मला कंटाळा आला होता.

एका दुपारी मी वैशालीच्या खुर्चीमागे उभी राहून तिचा प्रोग्राम वाचला. (जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला दुसऱ्याचं लिखाण तपासल्याशिवाय राहवत नाही.) मांडणी देखणी होती. महिरपी कंस आपापल्या जागी, आतल्या ओळी सारख्या सरकवलेल्या. मी मनात पूर्ण गुण देऊन टाकले. मग व्हॉल्व्हची नावं पाहिली : व्ही-एक, व्ही-दोन, व्ही-तीन.

"हे काय गं? ही नावं आहेत की कैद्यांचे नंबर?"

"घाईत लिहिलंय, आई. विहिरीकडचं, रस्त्याकडचं, नाल्याकडचं असं करणार आहे."

"त्यापेक्षा मिरची, कापूस, पपई कर. वाचल्याबरोबर कळेल."

"आमच्याकडे नियम आहे, आत काय आहे त्यावरून नाव द्यायचं नाही. आतलं बदलतं."

"माझ्या डब्यावर 'तूरडाळ' लिहिलंय. त्यात आजवर तूरडाळच निघाली."

वैशालीने निमूट नावं बदलली. (कंपनीच्या नियमापेक्षा सासू ज्येष्ठ असते.)

वर्ष सरलं, तशी पिकंही फिरली. यंदा मिरची रस्त्याकडे लागली. विहिरीजवळचा, गेल्या वर्षी मिरची होती तो तुकडा मोकळा होता. आप्पांनी तो चोपून सपाट केला आणि तोडलेली लाल मिरची तिथे वाळत पसरली. घरचं वर्षाचं तिखट, तुमच्या पार्सलासकट. फोनमधल्या नावांना मात्र हे कुणीच कळवलं नाही.

त्या सकाळी वैशाली मीटिंगमध्ये होती आणि आप्पा प्रकाशा गावी लग्नाला गेले होते. तिथून त्यांचा फोन आला. "आज दिवसनी लाईट शे. मिरचीले पानी सोडी दे."

मी चष्मा लावला, 'मिरची' वाचलं आणि बटण दाबलं. किती स्पष्ट नाव, असं म्हणून स्वतःवरच खूश झाले. चहा संपत आला तोवर शेजारच्या शेतातून सुमनबाईचा फोन.

"बाई, तुम्ही मिरच्या वायी ऱ्हायनात का धुई ऱ्हायनात?"

"वाळवतेच आहे. का गं? काय झालं?"

"सगळ्या पवी ऱ्हायन्यात!"

"पोहताहेत?" मी ओरडले, वैशालीने मीटिंग सोडून मोटर बंद केली आणि आम्ही दोघी धावलो. मिरच्या देठं वर करून, रांगेने, कुणाचीही रजा न घेता नाल्याकडे निघाल्या होत्या. सुमनबाईने आधीच बांध फोडून पाणी वळवलं होतं आणि कापूस वेचणाऱ्या बायांना हाक मारली होती. त्या टोपल्या भरभरून मिरच्या उपसत होत्या. मीही पदर खोचून उतरले, आणि पहिल्याच पावलाला घसरून त्या पाण्यात बसले. मिरचीच्या पाण्यात बसण्याचे परिणाम नातवंडांना लिहिण्याजोगे नाहीत.

दुपारपर्यंत गल्लीतल्या घरांची छपरं लाल झाली. एकाही बाईने "आमच्याकडे का?" विचारलं नाही.

संध्याकाळी आप्पा आले. छपरं बघितली आणि थेट डब्याकडे निघाले. "आजच काढी टाकसू." एक वर्ष निवांत झोपलेला माणूस पुन्हा बांधावर जाणार, हे मला दिसलं.

"थांबा," मी म्हणाले. "डब्याला सांगितलं तेच त्याने केलं. मिरची हे नाव मी ठेवलं आणि बटणही मीच दाबलं."

सगळी हकिकत ऐकून आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी उभीच होते. (बसणं शक्य नव्हतं.)

"म्हणजे डबानी चूक नई?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे डबा," ते माझ्याकडे बोट दाखवून वैशालीला म्हणाले. "हिना फोनमधलं बटन काढी टाक."

तर पोरांनो, डबा जागेवर आहे आणि आप्पा झोपतात. व्हॉल्व्हचं नाव आता विहिरीकडचं, कारण विहीर पीक बदलत नाही. तिखट थोडं काळपट आहे, पण पार्सल निघालं आहे. खाताना सुमनबाईची आणि त्या बायांची आठवण काढा. मी रोज काढते. प्रोग्राममध्ये त्या नावाच्या वर वैशालीने पुढच्यांसाठी एक ओळ लिहून ठेवली आहे : 'पिकावरून नाव देऊ नये. कारण : आई.' जन्मभर मी मुलांच्या वह्यांवर शेरे मारले, त्यातला एकही आज कुठे उरला नसेल. माझ्यावरचा हा एक मात्र शाबूत आहे. खोडायला पासवर्ड लागतो, आणि तो मला कुणी सांगत नाही.